मूळ गाव पोलंड, ह.मु. जर्मनी

किस्से गोळा व्हावेत म्हणून कुणी पोराचं लग्न करत नाही. पण आमच्या अजयचं लग्न झालं आणि गंगाखेडच्या बसस्टँडसमोर सकाळी चहाला जमणाऱ्या रिटायर मंडळींत माझा भाव एकदम वधारला. आधी मी लांबून दिसलो की लोक पेपर तोंडापुढं धरायचे. जन्मभर शाळेत इतिहास शिकवलेला माणूस, एकदा सुरू झाला की थांबत नाही, अशी माझी ख्याती! आता मी खुर्ची ओढायच्या आत कुणीतरी म्हणतं, "सर, तुमच्या व्याह्यांचं सांगा की!"

मी आढेवेढे घेतो. म्हणजे, चहा येईपर्यंत घेतो.

आणि चहा आला की सांगत बसतो. एक संपला की दुसरा आठवतो. सगळ्यांत फजिती मात्र माझीच आहे, हे मंडळींच्या केव्हाच लक्षात आलेलं आहे. म्हणूनच ते ऐकतात!

*

सुरुवात अजयच्या फोननं झाली. तो जर्मनीत नोकरीला. एका रविवारी म्हणाला, "बाबा, एक मुलगी आहे. जर्मन आहे."

मी मोठ्या मनानं म्हणालो, "बरं."

"म्हणजे, पोलिशपण आहे."

इथं माझ्यातला मास्तर जागा झाला. "अजय, दोन्हीतलं एक काहीतरी सांग. ते दोन वेगळे देश आहेत. जर्मनीनं पोलंडवर हल्ला केला आणि दुसरं महायुद्ध सुरू झालं. मीच शिकवलंय तुला!"

"हो बाबा. पण त्याच्यानंतरही तिथं लोक राहिले ना! त्यांची लग्नं झाली, पोरं झाली..."

हे पाठ्यपुस्तकात नव्हतं.

तेवढ्यात शोभानं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीनं, फोन हिसकावला. "ते लढाईचं ऱ्हाऊ दे. नाव काय पोरीचं?"

"काशा."

"कशाचं काय? पोरीचं नाव इचारायले मी!"

"आई, तेच नाव आहे. काशा!"

शोभानं फोनवर हात ठेवला आणि माझ्याकडं बघून हळूच म्हणाली, "अवो, पोरगं नीट बोलंना. जेवायलं का न्हाई कुनास ठावं!"

*

मग व्याह्यांशी पहिला व्हिडिओ कॉल. मी दोन दिवस तयारी केली. व्याही जर्मन, म्हणून जर्मन नमस्कार पाठ केला. विहीणबाई पोलंडच्या, म्हणून पोलिश नमस्कारही पाठ केला. इस्त्रीचा शर्ट घातला. खाली लुंगीच होती, पण ती दिसणार नव्हती.

कॉल लागला. मी हात जोडले आणि घाबरून दोन्हीची अदलाबदल केली! व्याह्यांना "जेन दोब्री" म्हणालो, विहीणबाईंना "गुटेन टाग".

तिकडं दोघं खो खो हसायला लागले. विहीणबाई हान्ना म्हणाल्या, आणि अजयनं ते मराठीत सांगितलं, "तुम्ही आमच्या घरात आत्ताच राहायला या! आमच्यात रोज असंच चालतं."

मी सावरायला म्हणून व्याह्यांना नाव विचारलं. कागदावर ते गेऑर्ग. बायको त्यांना युरेक म्हणते. आणि त्यांच्या गावची जुनी माणसं योर्गुश म्हणून हाक मारतात. एक जर्मन, एक पोलिश आणि एक त्या दोन्हींच्या मधल्या श्लेझिया नावाच्या मुलखातलं. तिथली बोलीसुद्धा अशीच, दोन्हीकडची मिसळलेली.

कॉल संपल्यावर शोभा चिंतेत. "त्या मानसाचं नाव अजून ठरलेलं न्हाई, आन पोरगी द्यायला निघालेत!"

*

लग्न गंगाखेडलाच करायचं ठरलं. पत्रिका छापायला मी स्वतः गेलो, कारण भाषेच्या चुका मला खपत नाहीत. छापखान्यातला माणूस कीबोर्डवर बोटं ठेवून म्हणाला, "सर, नवरीकडचे कुठले लिहू?"

"लिही, राहणार जर्मनी."

"मूळचे?"

"मूळचे पण तिथलेच... न्हाई, थांब. त्यांचं गाव पोलंडात आहे."

"मग पोलंडचे."

"तसं न्हाई. आजोबा जन्मले तेव्हा ते गाव जर्मनीत होतं."

"गाव हाललं?"

"गाव तिथंच आहे. युद्धानंतर सरहद्द हालली."

"म्हंजे ते घरीच बसलेले, आन देश बदलला?"

"बरोबर!"

"मग जर्मनीत आले कधी?"

"नंतर. सरहद्द निघून गेली, आणि पुढं कैक वर्षांनी हे तिच्या मागं गेले."

त्यानं स्क्रीनकडं बघत डोकं खाजवलं. मग म्हणाला, "सर, सोप्पं हाय," आणि त्यानं टाइप केलं: मूळ गाव पोलंड, ह.मु. जर्मनी.

हल्ली मुक्काम! चार पिढ्यांचा इतिहास त्यानं एका ओळीत बसवला. मी खूश होऊन पाचशे प्रती छापायला सांगितल्या. त्या खुशीत बाकीचं वाचायचं राहिलं. मुलाच्या बापाचं, म्हणजे माझंच, नाव चुकलं होतं!

*

पत्रिका वाटायला सुरुवात झाली तशी भावकी जागी झाली. आमचं मूळ गाव चुडावा. तिथले चुलतभाऊ अण्णा पत्रिका उलटसुलट बघून म्हणाले, "सगळं खरं. पर जात कोनची?"

"अण्णा, तिकडं जात नसते."

"आडनाव तर असन?"

आता आडनावाचा किस्सा वेगळाच. काशाच्या पणजोबांचं आडनाव होतं कोवाल्स्की. हिटलरच्या काळात वरून दबाव आला की पोलिश आडनावं नकोत. त्यांनी श्मिट केलं. युद्धानंतर पोलंडचं राज्य आलं, जर्मन आडनाव नको म्हणाले. पुन्हा कोवाल्स्की. मग जर्मनीला आले, पुन्हा श्मिट! आणि दोन्हींचा अर्थ एकच. ते सांगायचा मोह मला आवरला नाही.

"अण्णा, आडनावाचा अर्थ होतो लोहार."

अण्णांनी पत्रिकेची घडी घातली. मग म्हणाले, "जर्मनीतला लोहार म्हंजे मोटारी करीत असन. चालतंय!"

पण बातमी तेवढ्यावर थांबली नाही. आठ दिवसांत चुडाव्याचे किसनराव लोहार माझ्या दारात हजर! भात्यासमोर आयुष्य गेलेला माणूस, अंगावर नवं धोतर.

"सर, पोरगी आमच्यातली हाय म्हनं?"

मी समजावून सांगायला तोंड उघडलं, तर ते पुढं म्हणाले, "तिच्या मागं मामा कोन हुभा ऱ्हायचाय?"

ह्याचा आम्ही विचारच केला नव्हता. अंतरपाटामागं नवरीच्या पाठीशी मामा लागतो. हान्नाबाईंना भाऊ नाही.

"मी हुभा ऱ्हातो," किसनराव म्हणाले.

मी मास्तर. चूक दिसली की हात शिवशिवतो. म्हणालो, "किसनराव, लोहार हे आडनाव तिच्या बापाकडचं. म्हणजे तुम्ही चुलते झालात. मामा कसे होणार?"

त्यांनी माझ्याकडं ढ पोराकडं बघावं तसं बघितलं. "सर, लोहाराच्या घरात लोहाराचीच लेक देतेत ना? मंग तिची माय माझी भैन झाली. मी मामा!"

लग्नात ते नवरीमागं ताठ उभे राहिले. हान्नाबाईंना हे सगळं समजावून सांगितल्यावर त्यांनी किसनरावांना भर मांडवात मिठी मारली. किसनराव लाजून लाल! पण दुसऱ्या दिवशी भाचीला खणाबरोबर स्वतः घडवलेली विळी घेऊन आले. ती विळी आता जर्मनीत आहे. विमानतळावर ती बॅगेत कशी घालायची ह्यावर मी अजयला जो सल्ला दिला, त्यामुळं ते दोघं तासभर तिथंच अडकले होते. तो किस्सा मी सांगत नाही.

*

व्याही लग्नाच्या चार दिवस आधी आले. घरात माझे वडील, अप्पा. नव्वदीला टेकलेले, कान शाबूत, बाज अंगणात. गेऑर्गराव त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसले. मधे अजय दुभाषा.

अप्पांनी विचारलं, "वतन कोनतं तुमचं?"

गेऑर्गरावांनी वडिलांची गोष्ट सांगितली. जन्म जर्मनीत, शाळा पोलंडात, घर एकच.

अप्पा उठूनच बसले. "हे तर माझंच झालं की! मी जन्मलो निजामाच्या राज्यात. शाळा उर्दूतून. लग्नाचा झालो तवा मुंबई राज्यात गेलो. मंग महाराष्ट्र. आन चुडाव्याच्या घराची चौकट बी हालली न्हाई. मानसं जागंवर हायेत, सरकारंच पळायलेत!"

गेऑर्गरावांना हे फार आवडलं. त्यांनी विचारलं, "तुम्ही मनात आकडे कुठल्या भाषेत मोजता?"

"उर्दूत," अप्पा पटकन म्हणाले. "पाढे अजून उर्दूतच येतेत."

"माझे वडील जर्मनमध्ये मोजतात. पण शिव्या पोलिशमध्ये देतात."

"शिव्या? शिव्या मराठीच लय बेस!" म्हणून अप्पांनी नमुन्यादाखल दोन ऐकवल्या. अजयनं त्यांचं भाषांतर केलं नाही.

मी दारात उभा राहून ऐकत होतो. मी जन्मभर आधुनिक इतिहास शिकवला. मराठवाड्याच्या धड्यात तर माझा हातखंडा! आणि माझा बाप उर्दूत पाढे म्हणतो, हे मला एका जर्मन माणसानं विचारल्यावर कळलं.

शोभाला सांगितलं तर ती म्हणाली, "मला ठावं व्हतं. पोथी वाचताना पानं बी तसेच मोजतेत."

*

हळदीच्या संध्याकाळी मी स्वागताचं भाषण केलं. नको म्हणून सगळे सांगत होते. पण माइक दिसला की मला राहवत नाही.

सुरुवात बरी झाली. मग मला विनोद सुचला. म्हणालो, "मी आयुष्यभर मुलांना एकच वाक्य पाठ करायला लावलं, जर्मनीनं पोलंडवर हल्ला केला. दोन मार्कांचा प्रश्न! आज जर्मनी आणि पोलंड, दोघंही माझ्या मांडवात शेजारी शेजारी बसले आहेत!"

मला वाटलं, टाळ्या पडतील. अजयचा चेहरा पांढराफटक पडला. त्यानं भाषांतर केलं की गिळलं, मला कळेना. काशा खाली बघायला लागली. हान्नाबाईंच्या माहेरची माणसं त्या युद्धात घरातून हाकलली गेलेली, हे मला माहीत होतं. माहीत असूनही बोललो. माइक हातात तसाच.

हान्नाबाई उठल्या. हळदीनं माखलेला हात पुढं करून माइक घेतला. दुसरा हात गेऑर्गरावांच्या खांद्यावर ठेवला आणि इंग्रजीत म्हणाल्या, "सर, पुस्तक आता बदला. आमच्या घरात तीस वर्षं झाली, रोज पोलंडच हल्ला करतंय!"

गेऑर्गरावांनी दोन्ही हात वर करून शरणागती पत्करली. मांडव हसून हसून आडवा!

त्या मला खाली बसवताना हळूच काय म्हणाल्या, ते अजयनं नंतर सांगितलं. "विनोद वाईट होता. पण मनात वाईट नव्हतं, हे दिसलं."

*

आता शेवटचा. ह्याच्यासाठी मंडळी दुसरा चहा मागवतात.

लग्नाला दोन म्हातारी माणसं येऊ शकली नव्हती, आणि अजयला त्यांनी अजून बघितलेलंही नव्हतं. एक गेऑर्गरावांचे वडील, जर्मनीत. दुसऱ्या हान्नाबाईंच्या आई, पोलंडात. नातं व्याही-विहिणीचं, पण दोघं एकमेकांशी अवाक्षर बोलत नसत. आजींना लहानपणी जर्मन सैनिकांनी राहत्या घरातून काढलेलं. तेव्हापासून त्यांनी जर्मन शब्द तोंडातून काढला नाही. घरच्यांना वाटायचं की त्यांना ती भाषा येतच नाही. आजोबांना जर्मनीत आल्यावर शेजारपाजारचे 'तो पोलंडवाला' म्हणायचे. त्या रागानं त्यांनी शिव्या सोडल्या तर पोलिश बोलणं टाकलेलं. पोरांच्या लग्नात दोघं एका टेबलावर बसले आणि भिंतीकडं बघत जेवले!

काशाला दोघंही हवे होते. पण मंगल कार्यालयात नेटवर्क एकाच फोनला, तेही खिडकीपाशी. तिनं मन घट्ट करून दोघांना एकाच व्हिडिओ कॉलवर घेतलं आणि फोन माझ्या हातात दिला. अजयनं शिकवलेल्या मराठीत म्हणाली,

"बाबा, तुम्ही काही करू नका. फक्त धरा."

मी धरला. खिडकीत उभं राहून, छातीशी टेकवून, मूर्तीसारखा. मंगलाष्टकांत म्हाताऱ्यांच्या बोलण्याचा त्रास नको म्हणून फोनचा आवाज मीच बंद केला. अजय आणि काशा समोर उभे. किसनराव पाठीशी. अक्षता पडायला लागल्या आणि मला एकाएकी भरून आलं. डोळे पुसले, नाक पुसलं, फेटा सरकला तो सावरला. पण फोन हलू दिला नाही!

सगळं आटोपल्यावर हान्नाबाई धावत आल्या. फोन बघितला आणि तोंडावर हात ठेवला.

कॅमेरा माझ्याकडं होता. सुरुवातीपासून!

नातीच्या लग्नातलं त्या दोघांना काहीही दिसलं नव्हतं. दिसलं ते फक्त माझं तोंड. तेही खालून!

मी मेल्याहून मेला झालो. गेऑर्गरावांनी फोन घेऊन आवाज वाढवला आणि जागच्या जागी थिजले. हान्नाबाईंनी त्यांचा दंड धरला. काशा मुंडावळ्या सावरत आली आणि कान देऊन ऐकायला लागली. फोनमधून दोन म्हाताऱ्या माणसांचं बोलणं ऐकू येत होतं. निवांत, एकमेकांशी, जशी काही रोजची सवय!

"काय म्हणतायत?" मी विचारलं.

काशानं मला मराठीत सांगितलं. "आजी जर्मन बोलतेय, बाबा. म्हणतेय, नवरदेव हाच का? आपल्या पोरीच्या मानानं फार म्हातारा वाटतो."

"आणि आजोबा?"

"ते पोलिशमध्ये म्हणतायत, हो ना! आणि रडतोय बघा किती. बिचाऱ्याचं लग्न मनाविरुद्ध लावलेलं दिसतंय."