ऐंशी वारांची लाइन

पृथ्वीला पायी प्रदक्षिणा घातलेला माणूस मी पाहिला आहे, आणि तो वाशिमच्या बाहेर फारसा कधी गेलाच नव्हता. आमचे शेजारी बाबा रेल्वेत चाबीवाले होते. चाबीवाला म्हणजे कुलपांचा नव्हे, हे आमच्या गल्लीत नव्याने राहायला येणाऱ्या प्रत्येक बिऱ्हाडाला समजावून सांगावं लागे. रूळ ज्या लोखंडी पाचरींनी खालच्या आडव्या तुळईला, म्हणजे स्लीपरला, घट्ट धरून ठेवलेला असतो त्या पाचरी म्हणजे चाब्या. त्यांतली एखादी सैल झाली तर हातोड्याने ठोकून बसवत, आपल्या वाट्याच्या सहा किलोमीटर लाइनीवरून रोज सकाळी जायचं आणि तसंच परत यायचं, हे चाबीवाल्याचं काम. बाबांनी ते तीस वर्षं केलं. मी शाळेत चित्रकलेचा मास्तर, हिशेबाशी माझं वाकडं. म्हणून आमच्या गणिताच्या मास्तरांकडून सगळी बेरीज करून घेतली, तर पृथ्वीभोवती अडीच फेऱ्यांच्या वर चाल भरली. मोठ्या कौतुकाने हे मी बाबांना सांगायला गेलो. ते जरा विचार करून म्हणाले, "असन. पन पृथ्वीले चाब्या नसतात, मास्तर. नुसतं चालनं काय, कोनीबी चालते."

तेव्हा वाशिम अकोला जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव होतं आणि आमच्या लाइनीवर मीटरगेजची, कोळशाच्या इंजिनाची गाडी धावत होती. बाबा नोकरीतून निवृत्त झाले तेव्हा रेल्वेचा हातोडा त्यांना रेल्वेला परत द्यावा लागला. दुसऱ्याच दिवशी त्यांनी बाजारातून त्याच वजनाचा हातोडा आणला आणि मग साऱ्या जगाची चाचणी सुरू झाली. जे जे दिसेल ते ठोकायचं, कान देऊन ऐकायचं आणि निकाल सांगायचा. त्यांनी माझी खाट ठोकली, दाराची चौकट ठोकली. आमच्या हेडमास्तरांच्या पुतणीच्या लग्नात, मंगल परिणय चालू असताना, मंचावर वाकून नवरदेवाच्या खुर्चीचा डावा पाय ठोकला आणि "याले आधार द्या, नाई तं हा पोट्टा मांगं जाते" असं मोठ्याने जाहीर केलं. पुढे खुर्ची खरोखरच मागे गेली, त्यामुळे वऱ्हाडी मंडळींत त्यांचा दबदबा वाढला. कुंभारीण मात्र त्यांना दुकानापुढे उभं राहू देत नसे. शिवाय त्यांचं पाऊल ठरलेलं, एका स्लीपरवरून दुसऱ्या स्लीपरवर पडेल एवढंच. बाजाराच्या दिवशी बोळातून ते पुढे चालले की मागच्या सगळ्या गर्दीला तशीच आखूड पावलं टाकावी लागत. भेटल्यावर "जय भीम, मास्तर" म्हणायचे, मी "जय भीम, बाबा" म्हणायचो, आणि तेवढ्यात त्यांची नजर माझ्या सायकलच्या एखाद्या नटावर गेलेली असे.

निवृत्तीनंतरचा पहिला पावसाळा त्यांच्या बायकोला फार जड गेला. गल्ली त्यांना माय म्हणायची. पहाटे चारला बाबांचे पाय आपोआप चालू लागत आणि बाहेर पाऊस असल्यामुळे ते घरातल्या घरात, चुलीपासून दारापर्यंत आणि दारापासून चुलीपर्यंत, फेऱ्या मारत. शेवटी माय वैतागून म्हणाली, "अवो, लाइन तुमच्या डोक्यात हाय तं काढून ठेवा ना कुठीतरी! घरात कायले फिरून राह्यले?" संतापात बोललेली वाक्यं नवऱ्यांनी शब्दशः घेऊ नयेत असा संसाराचा नियम आहे. बाबांनी तो मोडला. त्यांनी मांजरपाटाचा ताका आणला, विहिरीच्या मोडक्या रहाटाचे दोन लाकडी दंडगोल मिळवले, एकावर कापड गुंडाळलं, ते दुसऱ्यावर गुंडाळत जाईल अशी मूठ बसवली आणि पुढे जुन्या घराची गजांची खिडकी उभी केली. खिडकीपाशी बसायचं, बाबांनी मूठ फिरवायची, की आपण वाशिमहून अकोल्याच्या वाटेवरच्या जऊळक्याला निघालो, असा बेत होता. रंग अर्थात माझ्याकडून नेले.

पहिला प्रवासी म्हणून मला बसवलं. बाबांनी मूठ फिरवायला घेतली. खिडकीतून स्लीपर दिसला. मग दुसरा स्लीपर दिसला. मग तिसरा. अर्धा तास मी रूळ, खडी आणि स्लीपर यांच्याशिवाय काहीही पाहिलं नाही. बाबा मात्र रंगात आले होते. "हा पाहा, हा कोपऱ्याले चिरला हाय. याची चाबी दर उन्हाळ्यात ढिल्ली होते. आन याच्या खाली पानी मुरते, याच्यावर ध्यान ठेवा लागते." एवढ्या सगळ्या कापडात त्यांची लाइन स्टेशनच्या फाटकापर्यंतसुद्धा पोचली नव्हती. मी भीत भीत म्हणालो, "बाबा, गाडीत बसलेल्या माणसाला रूळ दिसत नाहीत हो. खिडकीतून बाजूचं दिसतं. शेतं, झाडं, गावं."

बाबांचा हात मुठीवरच राहिला. "बाजूले काय हाय?" त्यांनी विचारलं. चेष्टा म्हणून नव्हे, खरंच विचारलं. तीस वर्षं त्यांची मान खाली होती. गाडीने जायची वेळ येई तेव्हा ते दारात बसत आणि पायाखालून पळणारी लाइन पाहत. मला त्या क्षणी हसू आलं आणि लगेच स्वतःची लाज वाटली.

मग आम्ही रविवारी रविवारी वाशिम ते जऊळका आणि परत असा प्रवास सुरू केला. खिडकीतल्या माणसाला बाबा "उठा जी, सरकारी काम हाय" असं इतक्या गांभीर्याने सांगत की तो उठायचाच. पहिल्याच रविवारी त्यांनी माझं मनगट इतकं आवळलं की बोटांचे वळ उठले. "मास्तर, हे तळं इथं कव्हा आलं?" बाभळींच्या पलीकडे, लाइनीपासून हाकेच्या अंतरावर चांगलं मोठं तळं होतं, म्हशी डुंबत होत्या. डब्यातला एक म्हातारा म्हणाला, "आमच्या आज्याच्या आधीपासून हाय थे." तळं बाभळींआड जाईपर्यंत बाबा खिडकीतून मागे वळून पाहत राहिले. परतीच्या गाडीत तळं पुन्हा दिसलं तेव्हा हळूच म्हणाले, "उन्हाळ्यात तान्हेनं जीव जाये माहा. आन पानी इथंच व्हतं."

दुसऱ्या कापडाला दीड वर्ष लागलं आणि ते ऐंशी वार भरलं. खरोखरीची गाडी जितका वेळ घेते तितकाच वेळ त्या कापडाला लागला पाहिजे, हा हट्ट. मी चित्रकार असल्याच्या गर्वात एका ठिकाणी दोन डोंगर आणि मधून उगवणारा सूर्य काढला. बाबांनी तो पाहिला आणि शांतपणे विचारलं, "हा डोंगर कोन आनला? जिथून आनला तिथं नेऊन ठेवा." रात्रभर पाण्यात भिजवूनही डोंगर निघाला नाही, म्हणून मायने वरून पांढरा तुकडा शिवला आणि मी त्यावर मुकाट्याने तुरीचं शेत काढलं. एखादी बाभूळ पडली की रविवारी तिला कापडावरूनही पाडायची. चहा जऊळका आल्याशिवाय मिळत नसे, कारण मध्ये टपरी नव्हती. आणि सगळ्यांत कहर म्हणजे खऱ्या गाडीची शिटी स्टेशनातून ऐकू आल्याशिवाय बाबा मूठ फिरवत नसत. आमचे हेडमास्तर एकदा हौसेने प्रवासाला आले आणि गाडी नेमकी लेट झाली. पाऊण तास ते खिडकीपाशी तळ्याची वाट पाहत वाशिम स्टेशनाच्या पाण्याच्या टाकीकडे बघत बसले. उठून जातो म्हणाले तर बाबा म्हणाले, "जा ना. पन गाडी सुटली तं मंग मले बोल लावू नका."

सारा गाव येऊन गेला, वा वा म्हणून गेला. बाबांचं समाधान होईना. त्यांना एकाच माणसाचा शब्द हवा होता. सकाळच्या पॅसेंजरचा ड्रायव्हर. वीस वर्षं तो माणूस इंजिनावरून रोज त्यांच्या अंगावरून गेला होता आणि दोघं एकमेकांशी एक अक्षर बोलले नव्हते. बोलणार कसे? एक चालत्या इंजिनावर, दुसरा खाली खडीत उभा. "खिडकीतले लोक झोपा काढतात, मास्तर," बाबा म्हणाले. "ही लाइन डोये उघडे ठेवून वरून पाह्यली ते त्या एका मानसानं. त्यानं म्हनलं हेच, तं हेच. त्यानं नाई म्हनलं, तं हे कापड मी पोतेऱ्याले देईन." मायने हे ऐकून पदर तोंडाला लावला. दीड वर्ष तिनेच ते शिवलं होतं.

ड्रायव्हरसाहेबही निवृत्त होऊन अकोल्याला राहत होते. एका गार्डकडून पत्ता मिळवून मी कार्ड लिहिलं. बाबांनी मजकूर सांगितला: आमच्या घरी वाशिम ते जऊळका लाइन तयार आहे, येऊन तपासून द्यावी. मी म्हटलं, तुम्ही त्या लाइनीचे चाबीवाले होता हे लिहू का? बाबांनी मान हलवली. "नोका लिहू. मले नाई ओयखलं तं चालते. लाइन ओयखली पाह्यजे."

दोन महिने उत्तर नाही. मग हिवाळ्यातल्या एका दुपारी काळी टोपी घातलेला एक उंच, वाळका म्हातारा कार्ड हातात धरून गल्लीत घर विचारत आला. नात्यातल्या लग्नाला वाशिमला आला होता आणि कुणी गंमत केली आहे ते पाहून जावं म्हणाला. बाबांनी त्याला खिडकीपाशी बसवलं. तो गजांकडे पाहून हसला. "मिया, ड्रायव्हरले गज नसतात. मुंडी बाहेर काढा लागते." बाबांनी हातोडा घेतला आणि तीनही गज तिथल्या तिथे काढले. त्या दिवशी त्यांनी स्टेशनातल्या शिटीची वाटसुद्धा पाहिली नाही. मूठ फिरली.

पहिली पाच मिनिटं ड्रायव्हरसाहेब हसत होते. मग हसू थांबलं. त्यांचा डावा हात कशावर तरी जाऊन बसला, जिथे काहीच नव्हतं. मान बाहेर निघाली. "आता शिग्नल... हा. आता चढाव." बाबा कापडाकडे पाहतच नव्हते, त्यांचे डोळे ड्रायव्हरसाहेबांच्या तोंडावर होते आणि मूठ आपली फिरत होती. तळं आलं. "म्हशी बराबर हायेत," ड्रायव्हरसाहेब पुटपुटले. तळ्यापुढे लाइन वळते. तिथे त्यांचा उजवा हात वर गेला, हवेतली एक दोरी त्यांनी ओढली आणि एकदम कपाळाला आठ्या घातल्या.

"थांबा. इथं गलती हाय."

ती गाडी अधल्यामधल्या जागी पहिल्यांदाच थांबली. चुलीपाशी माय उभी राहिली. "काय?" बाबांनी विचारलं.

"इथं एक मानूस पाह्यजे," ड्रायव्हरसाहेब म्हणाले. "समोर वळन, बाभळी, काई दिसत नाई. खांद्यावर हातोडा घेऊन बाजूले उभा राहे तो आन हात वर करे. त्याचा हात दिसला की मी बेफिकीर गाडी टाकत व्हतो. वीस बरस शिटी देल्ली मी त्याले. सारं काढलं तुमी, म्हशी काढल्या. तो मानूस कुठी गेला?"

बाबांनी मूठ सोडली नाही. म्हणाले, "रिटायर झाला, साहेब."

ड्रायव्हरसाहेबांनी खिडकीतून मान आत घेतली आणि तेव्हा कुठे बाबांकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. मग म्हणाले, "जरा बाजूले उभे राहून हात वर करा." बाबा उभे राहिले. त्यांनी हात वर केला. ड्रायव्हरसाहेबांनी पुन्हा मान बाहेर काढली, तोंडानेच लांबलचक शिटी दिली, आणि डोळे पुसत म्हणाले, "चला. लाइन साफ हाय." जऊळका येईपर्यंत मूठ मी फिरवली. चहा मायने आधीच टाकला होता. ती जऊळक्यासाठी थांबली नाही.

ड्रायव्हरसाहेब गेल्यावर मी ब्रश घेतला आणि वळणावर माणूस काढायला बसलो. बाबांनी माझा हात धरला. "नोका, मास्तर. कापडावर उभा केला तं तो तिथंच उभा राहीन. मंग पुढची लाइन कोन पाह्यन?" मी ब्रश धुऊन ठेवला. पुढच्याच वर्षी बाबा गेले. कापड मायने नीट घडी करून पेटीत ठेवलं, आणि मला ते पुन्हा उलगडून पाहायचा धीर कधी झाला नाही. मला त्यांची फार आठवण येते, हे सांगायला इतकी वर्षं लागायला नको होती.

आता त्या लाइनीवर ब्रॉडगेजची मोठी गाडी धावते. अकोल्याला जाताना मी खिडकीची जागा धरतो. तळं येतं, वळण येतं. तिथे कुणी नसतं. तरी माझा हात वर जातो, आणि कुणाला हात केला असं समोरच्या प्रवाशाने विचारलं तर त्याला काय सांगावं, हे मला अजून सुचलेलं नाही.