पेट्रोलच्या टाकीमागं

"आई, आय ॲम स्टक!" पोरगं आतनं ओरडलं आणि माझ्या हातनं पाण्याची बाटली सुटली. वाकून बघितलं तर नुसते बुटाचे तळवे, बाकी सगळं अंधारात, टाकीमागं. मी ओढलं तर बूट हातात आला, पाय नाही आला.

आम्ही अमेरिकेत राहतो त्या नेपरव्हिलपासून लांब एक छोटं विमानांचं म्युझियम आहे, शेजारच्या काकूंनी आम्हाला नेलेलं. तिथं एका जुन्या विमानाची हुबेहूब नक्कल बांधून ठेवलीय. दोन माणसं न थांबता समुद्रापार जायला निघाली होती, इतक्या लांब तेव्हा कुणी जात नव्हतं, आणि विमान उडाल्या उडाल्या शेतात पडलं. तिथले आजोबा इंग्लिशमध्ये सांगत होते, काकू मला मराठीत.

"अगं, पेट्रोल एवढं भरलं की बसणाऱ्यांनाच हलायला जागा उरली नाही. टाकीमागं अडकले. जिवंत होते म्हणे थोडा वेळ, पण निघताच आलं नाही."

मी नववी नापास, मला विमानातलं काय कळतंय, पण हे बरोबर कळलं. आणि तेवढ्यात पोरगं हात सोडून त्या नकलेतल्या टाकीमागच्या फटीत शिरलं, चार वर्षांचं.

"अहो, काढा ना त्याला!"

"ओरडू नकोस, सगळे बघतायत," हे दबक्या आवाजात म्हणाले.

"बघू दे की!"

आजोबा "डोन्ट पुल, डोन्ट पुल" करत स्क्रू ड्रायव्हर आणायला पळाले. काकूंनी फोन काढला, "नाइन वन वन करते," तर हे पांढरेच पडले.

"नको काकू, पोलीस येतील, नाव लिहून घेतील. व्हिसा रिन्यूला टाकलाय आमचा."

"अरे, पोराला काढायला येतात ते, तुला विमानात बसवून परत धाडायला नाही!"

तरी ह्यांनी काकूंच्या फोनवर हात ठेवला तो ठेवलाच.

आणि आतलं रडणं थांबलं. रडत होतं तोवर बरं होतं हो. "सोन्या, बोल ना रे," म्हटलं, तर काहीच नाही.

विमानाचं अंग कापडाचं होतं, ढोलासारखं ताणलेलं. मी मंगळसूत्रातली सेफ्टी पिन काढली, खुपसली, ओढली, बोटं घातली आणि टरकन फाडलं. हे माझा दंड धरत होते, मी झटकला. आत पोरगं घामानं थबथबलेलं, मला बघून हुंदका फुटला त्याला. बगलेत हात घालून बाहेर ओढलं.

आजोबा आले तेव्हा मी खाली बसले होते पोराला घेऊन. ते रागावले नाहीत. फाटलेल्या कडा दोन बोटांनी जुळवून बघत राहिले. काकू म्हणाल्या, रिटायर झालेल्या मित्रांनी मिळून बांधलं होतं ते, आता आजोबा एकटेच उरलेत. मला इंग्लिशमध्ये एवढंच येतं, सॉरी. मी तेच म्हणत राहिले.

भरपाईचं बिल पाठवायला हे आपला पत्ता देऊन आले. आता दिवसातनं दोनदा पोस्टाची पेटी उघडून बघतात, माझ्याशी बोलत नाहीत, बोलले की एकच, "पाच मिनिटं थांबली असतीस तर चार स्क्रू काढून निघालं असतं ते."

निघालंही असतं. पण आत आवाज नव्हता हो. तुम्ही थांबला असता का पाच मिनिटं?