पांढरा रुमाल आणि कोरडा फिल्टर

ताईच्या डाव्या कानाने कधीच राजीनामा दिला होता आणि उजवा जेमतेम कामावर येत होता. चाळीस वर्षं लोखंड कातणाऱ्या लेथच्या गोंगाटात काढल्यावर दुसरं काय होणार? पण इंजिन ऐकायला तिला कान लागतच नसत. हातभर लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. आतली बेअरिंगं तिच्याशी नीट बोलत. बाहेरची माणसं मात्र तिच्याशी ओरडून बोलत, आणि त्याचा तिला भयंकर राग येई.

गॅरेज वडिलांचं, जुन्यापुराण्या गाड्यांचं. चौदाव्या वर्षी तिने लेथला हात लावला तेव्हा नातेवाइकांनी नाकं मुरडली. पुढे संसार मोडून ती परत आली तेव्हा तेच म्हणाले, “बघा, आम्ही सांगत होतो!” दोन्ही वेळा ताईने पाना उचलला आणि कामाला लागली. वडील गेल्यावर गिऱ्हाइकं सांभाळायला धाकटा भाऊ बसला. त्याला सगळे ‘साहेब’ म्हणत, कारण गॅरेजात राहून त्याच्या शर्टाला कधी डाग पडत नसे.

या साहेबांनी वर्षापूर्वी एक शक्कल लढवली. जुन्या इंजिनाचा ऑइल फिल्टर म्हणजे खालून लटकणारा लोखंडी डबा. तो काढायचा म्हणजे कोपरापर्यंत तेलाची आंघोळ. साहेबांनी बाहेरून तयार अडॅप्टर आणले. ते जुन्या इंजिनावर चढवले की त्यांवर आजकालचा, फिरवून बसवायचा फिल्टर बसे, तोही वरच्या बाजूने, उपडा. मग रात्रभर गॅरेजात ठेवलेल्या गाडीजवळ, सकाळी गिऱ्हाइकासमोर खिशातला पांढरा रुमाल फिल्टरखाली पसरायचा, फिल्टर अलगद काढायचा आणि ऐटीत विचारायचं, “सांडला एक तरी थेंब?” गिऱ्हाइकं खूश होऊन जात. असे अकरा अडॅप्टर लागले.

अकरावा सुईणबाईंच्या गाडीला. सुईणबाई आता निवृत्त, पण त्या गाडीत बसून त्यांनी अडल्या बायकांची दारं गाठली होती, गाडीवर त्यांचा जीव होता. त्या तक्रार घेऊन आल्या. सकाळी चालू केली की पहिले पाच-सहा सेकंद गाडी खडखडते, मग शहाण्यासारखी चालते.

“म्हातारपण हो, बाई,” साहेब म्हणाला. “सकाळी उठल्यावर आपणही खोकतोच की!”

ताईने गाडी रात्रभर ठेवून घेतली आणि सकाळी सुईणबाईंच्या देखत स्क्रू-ड्रायव्हर लावून ती चालू करायला लावली. डोळे उघडले तेव्हा तिचा चेहरा बदलला होता.

“हा खोकला नाही. रात्रभरात फिल्टरमधलं तेल खाली उतरून जातंय. पंप आधी तो रिकामा फिल्टर भरतो, तोवर बेअरिंगं कोरडी घासतात. असंच चाललं तर इंजिन जाईल.”

“ताई, तेल अडवायला आत रबरी पडदा असतो. खोक्यावर लिहिलंय तसं.”

“खोकं वाच तू. मी इंजिन ऐकलंय.”

साहेबाचा पारा चढला. “तुला शेजारी वाजलेला हॉर्न ऐकू येत नाही आणि बेअरिंग ऐकू येतं? पुरे झालं आता. लेथच्या किल्ल्या दे आणि घरी बस.”

हे गिऱ्हाइकासमोर! ताईने कमरेच्या किल्ल्यांवर हात ठेवला. “उद्या सकाळी गाडी चालू न करता फिल्टर काढ. भरलेला निघाला तर किल्ल्या तुझ्या. रिकामा निघाला तर अकराच्या अकरा अडॅप्टर तू तुझ्या हाताने उतरवायचेस.”

ती घरी गेली खरी, पण तिला जेवण गेलं नाही. कान गेले त्याचं दुःख तिने पचवलं होतं. आता हाडही खोटं बोलायला लागलं असेल तर आपल्याकडे उरलं काय, या विचाराने तिला धडकी भरली.

सकाळी सुईणबाई हजर होत्या. साहेबाने बॉनेट उघडलं, सवयीने रुमाल पसरला, फिल्टर फिरवून काढला, सवयीनेच रुमाल सुईणबाईंसमोर धरला आणि म्हणाला, “सांडला एक तरी...”

त्याने रुमालाकडे पाहिलं. रुमाल पांढराशुभ्र होता.

“पुरं कर की वाक्य,” ताई म्हणाली. “अरे, सांडायला आत तेल असायला नको? वर्षभर लोकांना आपलीच चूक रुमालावर घेऊन दाखवत होतास!” तिने फिल्टरच्या तोंडात बोट घातलं. रबरी पडदा वाळलेल्या चपलेसारखा कडक झाला होता.

“बाकीच्या दहा गाड्यांचं काय?” सुईणबाईंनी विचारलं. साहेबाने मान खाली घालून फोन उचलला.

आठवडाभर ताईने लेथवर नवे अडॅप्टर कातले. यांत फिल्टर खाली लटके, तोंड वर करून, म्हणजे रात्रभरात तेल जाणार कुठे? काढताना सांडायचं, पण सांडू दे. पहिला सुईणबाईंच्या गाडीला लागला, तोही साहेबाच्या हातांनी. बाह्या कोपरापर्यंत बरबटल्या आणि रुमालाचं पोतेरं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुईणबाईंनी किल्ली फिरवली. ताईने मूठ हाडाला लावून डोळे मिटले.

साहेब जवळ येऊन, बऱ्याच वर्षांनी न ओरडता, म्हणाला, “ताई, आहे का खडखड?”

“नाही.” तिने किल्ल्या कमरेला घट्ट खोचल्या. “आणि यापुढे मला घरी बस म्हणायचं असेल तर जोरात म्हण. मला ऐकू येत नाही.”