भिंतीवरच्या लक्ष्मीताई

मालवणला लोक समुद्रासाठी जातात, माशांसाठी जातात. मी भर मे महिन्यात गेले ती कॉफीसाठी. 'शेतकऱ्याला रास्त मोबदला देणारी कॉफी' अशी तिथल्या एका नव्या कॅफेची जाहिरात फोनवर पाहिली आणि पुण्याहून निघाले. हसा खुशाल!

कुडाळ स्टेशनवरून रिक्षाने एसटी स्टँड गाठा आणि तिथून मालवणची गाडी धरा, स्वस्तात पोचता. मी उतरले होते सुलभाकाकींच्या घरी. दोन खोल्या त्या पाहुण्यांना देतात. त्यांच्या हातची सुरमई खाल्ली की हॉटेलात जावंसं वाटत नाही. संध्याकाळी त्यांनाच म्हटलं, चला माझ्याबरोबर कॅफेत.

"अडीचशे रुपयांची कॉफी पिऊक कोण जाता गो?" म्हणत काकी आल्या.

आत थंडगार हवा आणि समोरच्या भिंतीवर फ्रेम केलेला एक मोठा फोटो. डोक्याला पदर, हातात लालभडक फळांची टोपली, चेहऱ्यावर हसू. खाली लिहिलेलं, 'लक्ष्मीताई, आमच्या कॉफी उत्पादक, चिकमगळूर.' मी भारावून बघत होते, तेवढ्यात काकी किंचाळल्याच.

"अगो, ही आमची शालन! माजी जाव, कट्ट्याची! आणि हे रातांबे आसत, खंयची कॉफी?"

रातांबे म्हणजे कोकमाची फळं. शहरातल्या कुणीतरी लाल फळ बघितलं आणि ते कॉफीचं ठरवून टाकलं. मॅनेजरला विचारलं तर तो म्हणाला, "मॅडम, फोटो फक्त फील यावा म्हणून आहे. कॉफी शंभर टक्के एथिकल आहे." कोणत्या मळ्यातली? "पार्सल गोव्याहून येतं." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कॉफी तशीच टाकून उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही कट्टा गावी, काकींच्या त्या जावेकडे गेलो. शालनकाकी अंगणात कोकमाची सालं वाळत घालत होत्या, हात मनगटापर्यंत लाल. कॅफेतल्या त्या भिंतीचा मी फोनवर काढलेला फोटो दाखवला.

"म्हणान मुंबयची नणंद फोनार तसा बोलत होती," त्या म्हणाल्या. "'वयनी, मळ्यार मजुरीक गेलंस आणि नावय बदललंस?' माका काय कळाकच नाय. मी तिका खोटी म्हटलंय, तेवापासून ती बोलणा नाय." कॅफेच्या कुठल्यातरी जाहिरातीत नणंदेने हाच फोटो पाहिला असणार.

गेल्या हंगामात कुणकेश्वरच्या देवळाची वाट विचारायला गाडीतली माणसं थांबली होती. उन्हातून आलेली म्हणून शालनकाकींनी त्यांना सरबत दिलं होतं. त्या माणसांनी फोटो कधी काढला, शालनकाकींना ठाऊकही नाही.

"माका कोणी इचारूक नाय," एवढंच बोलून त्यांनी हात धुतले आणि आमच्याबरोबर निघाल्या.

कॅफेत मॅनेजरने त्यांना ओळखलं. ओशाळायचं सोडून म्हणतो, "मावशी, आमच्यामुळे तुम्ही फेमस झालात!" चोर तो चोर, वर शिरजोर. फोटो उतरवायला सांगितलं तर मालकांना विचारावं लागेल म्हणाला. शालनकाकींनी खुर्ची ओढली, वर चढल्या आणि फ्रेम स्वतःच खाली घेतली.

"नाव लक्ष्मीचा घातलात, मगे तोंडय तिचाच लावा," असं म्हणून फ्रेम भिंतीकडे तोंड करून ठेवली. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

परतायच्या दिवशी स्टँडवर जाताना मुद्दाम त्या रस्त्याने गेले. फोटो पुन्हा भिंतीवर होता. नावाची पट्टी तेवढी काढून टाकली होती! मी बाहेरूनच आरडाओरडा केला. आतली गिऱ्हाइकं कपातून तोंड वर काढून बघत राहिली, बस्स. मालवणला जरूर जा, पण त्या दुकानात पाऊल टाकू नका.

पुण्यात आल्यावर स्वयंपाकघरातला कॉफीचा पुडा हातात घेतला. महाग, रास्त मोबदलावाला, मी नेहमी आणते तो. त्यावर एक बाई हसत होती. कंपनीला विचारलं, या कोण? यांचं नाव काय? यांना माहीत आहे का?

चार ओळींचं गोड उत्तर आलं. पुढच्या खरेदीवर मला सवलत दिली आहे. नाव दिलेलं नाही.