हँडलची थरथर

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, रिटायर झाल्यावर मोटारसायकल घेतली तेव्हा उदगीरच्या आमच्या गल्लीला महिनाभर दुसरा विषय नव्हता. साधी गाडी असती तर कुणी बघितलंही नसतं. ही डोंगरदऱ्यांतून लांब जायची, एका सिलिंडरची, दणकट. तारांची मोठी चाकं, कमरेच्या वर जाणारी सीट आणि दोन्ही बाजूंना कॅन अडकवायला लोखंडी जाळ्या. समोरचे पानवाले म्हणाले, "अण्णा, उंट आणलाव का?" माय म्हणाली, "लग्नात घोड्यावर बसले न्हाईत, आता उंटावर बसायलेत."

अण्णा एसटीत कंडक्टर होते. उदगीर-नांदेड, उदगीर-लातूर, कधी औशापर्यंत. सगळी नोकरी तिकिटं फाडण्यात आणि बेल मारण्यात गेली. स्टेअरिंग कायम दुसऱ्याच्या हातात. ते म्हणायचे, "येस्टी जाती तितवरचं जग बघून झालं. आता तिच्या फुडलं बघायचंय, अन् सोता चालवत बघायचंय." मोबाइलवर त्यांनी हिमालयातली स्पिती हेरून ठेवली होती. दगडांचा रस्ता, मध्येच आडवा येणारा ओढा, वर बर्फ. आमच्याकडे ओढ्याला पाणी दिसलं तरी लोक फोटो काढतात, तिथं बर्फाची काय कथा! पण मला त्या वेडाचा राग आला नाही. या माणसानं स्वतःसाठी कधी धड शर्टसुद्धा मागितला नव्हता. एवढं एक मागतोय तर मिळू दे, असं मला वाटायचं.

सरावासाठी ते सकाळी शेतातल्या पाणंदींनी फिरून यायचे. थोड्याच दिवसांत तक्रार सुरू झाली. "हँडल लई थरथरायलंय." किल्ल्याच्या वाटेवर अण्णांच्या जुन्या दोस्ताचं गॅरेज आहे. आम्ही सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणतो. त्यांनी सांगितलं, एका सिलिंडरची गाडी थोडी थरथरणारच. तरी त्यांनी नटबोल्ट आवळले, हँडलचे रबर बदलले, पुढचं चाक काढून परत बसवलं. दुसऱ्या दिवशी अण्णा पुन्हा दारात हजर. "तसंच हाय." मी तर लातूरच्या शोरूमवाल्यांना फोनवर असं काही झापलं की तिकडचा माणूस पुढं माझा नंबर बघूनच फोन उचलेना.

एका दुपारी मीही सोबत गेले. मिस्त्री गाडीवर लांब चक्कर मारून आले, गाडी बंद करून स्टँडवर लावली आणि चहा सांगितला. चहा येईपर्यंत अण्णा गाडीवर जाऊन बसले, दोन्ही हात हँडलवर ठेवून. "आता बगा की," ते म्हणाले, "अजून थरथरायलंय का न्हाई?" मी बघितलं. हँडलवरचा आरसा खरंच थरथरत होता. मिस्त्रींनी हातातला पाना खाली ठेवला, माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "बेटी, गाडी बंद हाय."

लातूरच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या लिहून दिल्या. हे बरं होत नाही, वाढत जातं, गाडी आता चालवायची नाही, असं स्पष्ट सांगितलं. परतीच्या बसमध्ये अण्णा उजवा हात मांडीखाली दाबून बसले होते. ओळखीचा कंडक्टर होता. त्यानं चेष्टेनं विचारलं, "काय अण्णा, उंट कुठाय?" अण्णा हसले. मला त्या कंडक्टरचा गळा धरावासा वाटला.

सगळे म्हणाले, गाडी विकून टाका. अण्णा म्हणाले, "इकायची न्हाई. तू शीक." मी शिकले. थांबलं की जेमतेम चवडे टेकतात, पण शिकले. बाईमाणसानं असली गाडी चालवावी का, यावर गल्लीत बरीच चर्चा झाली. लोकांचं काय, उचलली जीभ लावली टाळ्याला. अण्णा ओट्यावरून मागच्या सीटवर बसायचे. म्हणजे फिरून पुन्हा कंडक्टरच झाले. माझ्या पाठीवर बोट वाजवून त्यांनी नियम सांगितला. "एक बेल थांब, दोन बेल चल." त्या दिवशी पाठीवर दोन टिचक्या बसल्या आणि मला मनापासून वाटलं, मीच नेईन यांना स्पितीला.

पण गोळ्या वाढत गेल्या आणि बेल बिघडत गेली. मी थांबले की ते विचारायचे, "का गं थांबलीस?"

"बेल मारलीत ना तुम्ही?"

"म्या कुठं मारली?"

हळूहळू मी पाठीवरच्या बोटांकडे लक्ष देणं सोडलं. दुसरं करणार तरी काय?

शिरूर अनंतपाळच्या पुढं मांजरा नदीकडं उतरणारी एक पाणंद आहे. तिथं एसटी जात नाही, म्हणून एका रविवारी त्यांना तिथं नेलं. दगड, खड्डे, चाकोऱ्या, आणि गाडी तर अशा वाटेसाठीच बनवलेली. सगळ्या उतारावर पाठीवर बोटं वाजत होती. नदी दिसली तेव्हा मी थांबले आणि खुशीत मागं वळले. अण्णांची पँट ओली झाली होती.

"म्या बेल मारली व्हती," ते म्हणाले. "लई येळा मारली." ते रागावले असते तर मला सोसलं असतं. ते माझीच माफी मागायला लागले. सीट खराब झाली म्हणून. मी नदीकडं तोंड करून रडले आणि मग त्यांना घरी घेऊन आले.

त्यानंतर घरात कुणी स्पितीचं नाव काढलं नाही. आता त्यांना घासही माय भरवते. दिवसभर ते अंगणात खुर्चीवर असतात आणि संध्याकाळी मला हाक मारतात, "चालू कर गं. बॅटरी उतरंल." मी गाडी चालू करते, खुर्ची जवळ ओढते आणि त्यांचा हात पेट्रोलच्या टाकीवर ठेवते. टाकी थरथरते, हात थरथरतो, कुणामुळं कोण हलतंय ते कळत नाही. अण्णांचा चेहरा तेवढ्यापुरता सैल होतो.

"बग," ते म्हणतात, "गाडीच थरथरायलीय. मिस्त्रीला दाखीव एकदा."

"हाव अण्णा, दाखवते," मी म्हणते. मग घरात धूर येतो म्हणून माय आतून ओरडते, आणि मला गाडी बंद करावी लागते.