मांडवीपाशी येणारी हाक

आमच्या पाणीगेटच्या गल्लीत विश्वासरावांसारखा सरळ माणूस दुसरा नाही. आजोबा संस्थानच्या हिशेबखात्यात, वडील कचेरीत, आणि हे स्वतः कलेक्टर ऑफिसात हेडक्लार्क. त्या घराचा एकच बाणा: न वाचता संमती द्यायची नाही. लग्नाची पत्रिका आली तरी मागची बाजू उलटून बघायचे. आम्ही हसायचो.

निवृत्तीनंतर त्यांना विसराळूपणा लागला, आणि तो साधा नव्हता. संध्याकाळी फिरायला निघाले की परतायचंच विसरायचे. लीलावहिनींना तेव्हा कॅन्सरनं अंथरुणाला खिळवलेलं. नवऱ्याच्या मागे कोण धावणार? मग मुलानं, उत्कर्षनं, कॅनडाहून येऊन त्यांच्या फोनमध्ये एक ॲप घातलं. अमुक झालं की फोननं आपोआप तमुक करायचं, असं सांगून ठेवायचं त्याला. विश्वासराव मांडवीच्या जुन्या दरवाज्यापुढे गेले की खिशातला फोन वहिनींच्या आवाजात बोलायचा, "अहो, पुरे आता. चहा टाकलाय, घरी या." वहिनींनी ते पडल्या पडल्या त्या ॲपमध्येच बोलून ठेवलेलं. मध्ये एक खोकलाही आहे.

वहिनी गेल्या. हाक राहिली. ती ऐकली की विश्वासराव मांडवीपाशी मुकाट वळायचे आणि घरी यायचे. वहिनींचा शब्द खोटा पडू नये म्हणून चहा मी ठेवायचे. शेजारीण म्हणून एवढं तर करायलाच हवं ना? चहा पिताना ते म्हणायचे, "नीलिमा, ती आत आहे ना?" मी म्हणायचे, आहे. दुसरं काय म्हणणार, कपाळ?

आणि मग ते ॲप एका बड्या कंपनीनं विकत घेतलं.

उत्कर्षनं मला फोनवर सगळं वाचून दाखवलं. ॲप बनवणाऱ्यांनी लिहिलं होतं, कळवायला अतिशय आनंद होतोय, नवा रोमांचक प्रवास सुरू होतोय. प्रवास कसला डोंबलाचा! खाली वापरणाऱ्यांची ही गर्दी. कुणी अभिनंदन करत होता, पोरांनी नशीब काढलं म्हणून. कुणी म्हणत होता, बघाच, वर्षात गळा घोटतील. एक जण पैसे परत मागत होता. एका आंधळ्या माणसानं लिहिलं होतं, बसचा थांबा आला की हे मला सांगतं, आता मी उतरायचं कुठे? त्याच्या खाली कुणीतरी हसरं तोंड टाकलेलं. ज्याचं जळतं त्याला कळतं, बाकीच्यांना काय! मला त्या आंधळ्याचंच वाईट वाटत राहिलं. उत्कर्ष म्हणाला, काकी, घाबरू नका, नव्या कंपनीच्या अटी मान्य केल्या की सगळं तसंच राहील. दिवाळीला येतोय, तेव्हा करतो.

दिवाळीपर्यंत कोण थांबतंय? त्याआधीच एका दुपारी त्या अटी विश्वासरावांच्या फोनवर उगवल्या. ते चष्मा लावून दारापुढच्या ओटल्यावर वाचत बसले. इंग्रजी उत्तम त्यांचं, पण दुसरा परिच्छेद येईतो पहिला पुसला जायचा, की पुन्हा वरून सुरुवात. मी शाळेत शिकवून आले तेव्हा फोन बाजूला ठेवलेला आणि चेहऱ्यावर कितीतरी महिन्यांनी जुन्या हेडक्लार्कचं समाधान.

"वाचून पुरं होईना," ते म्हणाले. "मग मी संमती नाकारली."

मी तिथूनच उत्कर्षला फोन लावला. उत्कर्षनं कंपनीला पत्रावर पत्र लिहिलं. उत्तर आलं, तेही बहुधा यंत्राचंच: आपल्या इच्छेनुसार आपलं खातं व त्यातलं सर्व काही काढून टाकण्यात आलं आहे. आपल्या इच्छेनुसार! मेल्यांनो, त्यांची इच्छा एकच होती, ती तुम्ही पुसलीत. ध्वनिमुद्रणाची दुसरी प्रत कुणाकडेच नव्हती.

तेव्हापासून मी त्यांना एकटं सोडत नसे. संध्याकाळी मीच बरोबर जायचे, मांडवीपाशी हात धरून वळवायचे. ते कुरकुरत यायचे. एकदा माझ्या शाळेतली सभा लांबली. घरी येऊन बघते तर दार उघडं आणि चपला नाहीत.

रात्रीच चौकीत कळवलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पोलिसांचा फोन आला. पादरा गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका भाजीवाल्याच्या छपराखाली बसले होते. एक चप्पल तुटून गेलेली, तळवा सोलून लाल झालेला. फोन कानाला लावलेला. त्याची बॅटरी कधीच संपली होती.

मी तिथे जाऊन म्हटलं, विश्वासराव, चला घरी. ते माझ्याकडे लहान मुलाला समजावावं तसं बघत म्हणाले, "तिनं अजून हाक मारली नाही, नीलिमा. मध्येच कसा परतू?"

मला काय सुचलं कोण जाणे, मी वहिनींसारखंच म्हणून पाहिलं, अहो, पुरे आता, चहा टाकलाय. खोकलेसुद्धा. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. शेवटी दोन हवालदारांनी उचलून गाडीत घातलं. जन्मात आवाज न चढवलेला माणूस रस्ताभर ओरडत होता की तिला कळणार नाही मी कुठे आहे ते.

उत्कर्षनं आता एक माणूस ठेवलाय, आणि दाराला बाहेरून कडी. संध्याकाळी मी चहा घेऊन जाते. विश्वासराव कप बघतात, बाजूला सारतात. म्हणतात, तिनं बोलावल्याशिवाय मी आत कसा येऊ? ते आतच बसलेले असतात.