पासलीची चटई

नोकरीतली पुष्कळ प्रकरणं विसरून गेलो. पासलीच्या चटईचं मात्र अजून लख्ख आठवतं, कारण त्यात चुकलो होतो तो मीच.

पंचायत राज नवीन होतं तेव्हाची गोष्ट. पॅसिफिक महासागरातल्या एका चिमुकल्या देशाचे सहा आमदार आपला गावकारभार बघायला आले होते. सभागृहाची मुदत संपायच्या आत त्यांना स्वतःच्या बेटांवर असंच काही सुरू करायचं होतं. मी वेल्ह्याला फौजदार, त्यामुळे बंदोबस्त माझ्याकडे. पासली गावात शाळेपुढे मांडव, लेझीम, लांबलचक भाषणं. सारा गाव तिथं लोटला होता.

संध्याकाळी पाहुणे भोरच्या डाकबंगल्यावर पोचले आणि पाठोपाठ सोबतच्या सरकारी अधिकाऱ्याचा निरोप आला. पुण्यात भेट द्यायला प्रत्येक आमदाराने हातविणीची चटई आणली होती. त्यातली सर्वांत वयस्कर आमदाराची गायब होती. ‘पाहुण्यांना अजिबात विचारू नका, देशाची अब्रू जाईल. चटई हजर करा.’

पोलीस पाटलाने लगेच खबर दिली. गावाच्या कडेच्या घरात नवी चटई अंथरलेली दिसली होती. त्या घरचा कर्ता वारून तो नववा दिवस होता. घरात त्याची बायको एकटीच. सुतक असल्याने ती मांडवाकडे फिरकली नव्हती. जिथून प्रेत उचललं तिथं दिवा तेवत होता आणि शेजारी चटई. सुतक असूनही हमालीला गेलेल्या तिच्या दिराने पाहुण्यांचं सामान जीपमध्ये चढवलं होतं. मला आणखी काय हवं होतं? त्या घरी जाऊन चटईचं विचारलं.

“त्या म्हाताऱ्या पावण्यानंच दिली, सायेब. हितं येऊन बसलं व्हतं,” बाई म्हणाली.

मी हसलो. मांडवातले हार-तुरे सोडून परदेशचा आमदार हिच्या घरी कशाला येईल? पंचनामा केला, चटई जप्त केली आणि दिराला ठाण्यात आणलं.

तासभर तो “म्या न्हाई घेतली” एवढंच म्हणत होता. मग एकाएकी म्हणाला, “बरं, म्याच घेतली. पर उद्या सकाळी सोडा. भावाचा दहावा हाय. अग्नी म्या दिलाय, पिंड दुसरं कोन ठेवनार?”

“कुठून काढलीस?”

“ट्रंकंतनं.”

तिथं मी थबकलो. ती चटई म्हाताऱ्याने ट्रंकेत ठेवलीच नव्हती. सकाळी जीपमधून उतरताना कापडात गुंडाळलेली त्याच्या खांद्यावर मी स्वतः पाहिली होती. हा माणूस दहाव्यासाठी चोर व्हायला तयार झाला होता. मला लाज वाटली.

दिवस उगवायला नसरापूरवरून भोर गाठलं आणि हुकूम बाजूला ठेवून थेट म्हाताऱ्यालाच विचारलं. दुभाष्याने उत्तर सांगितलं: “भाषणं कळेनात म्हणून पाय मोकळे करायला गेलो. भर दिवसा दिवा लावून एक बाई एकटीच बसलेली दिसली. आमच्याकडे मयताच्या घरी चटई नेतात आणि थोडं बसतात. तेवढंच केलं.” मग त्याने विचारलं, “तुम्ही ती उचलून आणलीत?”

“हो,” मी म्हणालो. त्याने मला बसायला खुर्ची पुढे केली. रागावला असता तर बरं झालं असतं.

त्याचा जबाब लिहून घेतला आणि तडक ठाण्यावर आलो. दिराला जीपमध्ये घालून मीच नदीवर नेलं. कावळा शिवायला उशीर लागला, तेव्हा सगळे माझ्याकडेच बघत होते.

तिथून, जीपमध्ये आणलेली चटई घेऊन त्या घरी गेलो. शब्द जुळवत दारात उभा होतो.

“हितंच हातरा,” बाई म्हणाली. मी अंथरली. “आता बसा की. ते बसलं व्हतं तसं.”

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी एक शिस्त पाळली. माणूस पहिल्यांदा जे सांगतो ते आधी लिहून घ्यायचं, आणि वस्तू ज्याची त्याला सगळ्यांच्या आधी विचारायचं, मग तो कितीही मोठा असो. पण हे पुढचं झालं. त्या दिवशी मी टोपी काढली, चटईच्या कडेला बसलो, आणि बाई उठेपर्यंत उठलो नाही.